गाडीत काही खाऊ नये

उल्हासराव कारखानीस नोकरीला दुबईच्या जबल अली बंदरात, राहायला तिथल्याच अल कुसैसला आणि मनाने युरोपातल्या कुठल्यातरी रेल्वे स्टेशनात. सत्तावीस वर्षं त्यांचं हे असंच चाललं होतं. मालवाहतूक कंपनीत त्यांचं काम म्हणजे कुठला कंटेनर कुठल्या जहाजातून उतरवायचा, कुठल्या जहाजात चढवायचा आणि मध्ये किती तास यार्डात ठेवायचा, ते ठरवणं. या कामात ते इतके मुरले होते की एकदा साहेबांनी सहज म्हटलं, "उल्हास, मेरा यूरोप का ट्रेन प्लॅन भी बना दो ना." उल्हासरावांनी साहेब, साहेबांची बायको आणि तीन मुलं असे पाच कंटेनर समजून प्लॅन करून दिला. एकही गाडी चुकली नाही. साहेबांनी परत आल्यावर चारचौघांत कौतुक केलं आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

कंटेनर बोलत नाही, त्याला भूक लागत नाही आणि ऐन वेळी तो बाथरूमला जात नाही. माणसं हे सगळं करतात. म्हणून उल्हासरावांनी हळूहळू एक कागद तयार केला. पहिल्या वर्षी त्यात नऊ कलमं होती, आता एकतीस झाली होती. मराठी मंडळात कोणी युरोपला निघालं की व्हिसाच्या आधी हा कागद मोबाइलवर येऊन पडायचा. 'उल्हासकाकांचा कागद' म्हणूनच तो ओळखला जाई. कलम चार: झुरिकला अर्धं स्टेशन जमिनीखाली आहे, गाडी बदलायला बारा मिनिटं धरा. कलम तेरा: पासवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं, 'कुलकर्णी'ची तीन स्पेलिंगं चालत नाहीत. कलम एकोणीस: स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बुक्स स्टेशनात इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेने निघते, घाबरू नये.

लोकांची उल्हासरावांवर इतकी श्रद्धा बसली होती की गाडी चुकली तर आधी त्यांना फोन करायचे, बायकोशी भांडण नंतर. ऑफिसात शेजारच्या टेबलावर रत्नागिरीचा नूरुद्दीन बसे. तो फोन उचलून हसत म्हणे, "यल्ला उल्हासभाय, तुमचा युरोप लायनीवर हाय." मग उल्हासराव एका कानाला फोन लावून, डोळे मिटून सांगत, "समोर जिना दिसतोय ना? तो नाही. त्याच्या डावीकडचा. धावा." लोक धावत आणि गाडी मिळे.

आता खरी गोष्ट सांगायची तर उल्हासराव युरोपला कधी गेलेच नव्हते.

त्यांनी खोटं असं कधी सांगितलं नाही. "तुम्ही शेवटचे कधी गेला होतात काका?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "मेच्या मध्यात जावं, गर्दी कमी असते." प्रश्न विचारणारा माणूस उत्तर मिळालं असं समजून गप्प बसे. वर्षाची तीस दिवसांची सुट्टी मिरजेला जायची. आधी आईचा गुडघा, मग वडिलांची बायपास, मग मुलाची, वेदांगची, पुण्यातली कॉलेज अ‍ॅडमिशन. युरोप पुढच्या वर्षावर जायचा. आणि मग एवढ्या लोकांना एवढं सांगून झाल्यावर 'मी स्वतः गेलो नाही' हे सांगायची वेळच टळून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय आहे हे फक्त बायकोला, अपर्णाताईंना, ठाऊक होतं आणि त्या बिचाऱ्या कुठे बोलत नव्हत्या.

कागदातली बहुतेक कलमं वेळापत्रकं, नकाशे आणि लोकांनी पाठवलेले फोटो यांतून आली होती, त्यामुळे ती बिनचूक होती. दोनच कलमं अशी होती की ज्यांना उल्हासरावांच्या स्वतःच्या अनुभवाचा आधार होता. घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

झालं असं होतं, की दुबईची मेट्रो नवी असताना उल्हासराव तोंडात आवळासुपारी टाकून चढले होते. तपासनीस आला, तोंड हलताना पाहिलं आणि शंभर दिरहॅमची पावती फाडली. "शंभर दिरहॅम म्हणजे साडेबाराशे रुपये, एका सुपारीचे," असं ते घरी आल्यावर आठवडाभर म्हणत होते. पुढच्याच महिन्यात घाईत बायकांच्या डब्यात चढले, पुन्हा शंभर. उल्हासरावांनी त्यातून एक धडा घेतला, आणि तो घेताना डोकंही चालवलं, हीच पंचाईत. काल सुरू झालेल्या मेट्रोत एवढी शिस्त, तर दीडशे वर्षं आगगाड्या चालवणाऱ्या युरोपात किती असेल? म्हणून कलम सात: गाडीत काही खाऊ नये, पाणीसुद्धा जपून, जबर दंड होतो, डबा प्लॅटफॉर्मवर उतरून खावा. आणि कलम अकरा: टोकाचा डबा बायकांचा असू शकतो, पुरुषांनी आधी आत डोकावून बघावं.

यंदा मे महिन्यात शेवटी योग आला. वेदांग आता नोकरीला लागला होता. त्याने आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला दोन रेल्वे पास काढून हातात ठेवले. उल्हासरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पाचच मिनिटं. कारण त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहणारा परेश म्हणाला, "काका, तुम्ही जाताय? मग आम्हीपण येतो. तुमच्यासारखा एक्स्पर्ट बरोबर असला म्हणजे टेन्शनच खलास." परेश, त्याची बायको शुभ्रा आणि दहा वर्षांची ओवी, असे तिघे वाढले. उल्हासरावांची मूठ आता प्रत्यक्ष युरोपात उघडी पडायची वेळ आली. रात्री ते अपर्णाताईंना म्हणाले, "मला तिथे काही कळलं नाही तर?"

"तुला कळेल. सांगत मात्र सुटू नकोस," त्या म्हणाल्या.

पहिले चार दिवस ठीक गेले. स्वित्झर्लंडच्या गाड्या छोट्या पल्ल्याच्या, तासाभरात उतरायचं, खायचा प्रश्न आला नाही. पाचव्या दिवशी झुरिकहून व्हिएन्नाला जायचं होतं. पल्ला आठ तासांचा. ल्युसर्नच्या अपार्टमेंटमधून पहाटे निघाले, नाश्ता कोणीच केला नाही. अपर्णाताईंनी आदल्या संध्याकाळी तिथल्या फ्राइंग पॅनवर पंचवीस दशम्या भाजल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळांबा दुबईहून आणलेलाच होता. डबा गच्च भरला होता.

झुरिकला गाडीत चढले तर डब्यात अकरा बायका. एकाच गावच्या असाव्यात, सगळ्यांच्या गळ्यात सारखे रुमाल आणि गप्पांना ऊत आलेला. उल्हासरावांनी परेशचा दंड धरून त्याला दारातच थांबवलं. "कलम अकरा," ते हळूच म्हणाले.

"काका, पण आपली सीट रिझर्व्ह आहे ना?"

"ती बायकांच्या डब्यात आहे. आपण इथेच थांबू."

दोघे पुरुष चार बॅगा घेऊन दारापाशी उभे राहिले. वाटेत डोंगराच्या कुशीतलं ते लांबलचक निळं तळं आलं, ज्याच्यासाठी उल्हासरावांनी आजवर दीडशे लोकांना 'डावीकडची सीट घ्या' म्हणून सांगितलं होतं. ते त्यांना टॉयलेटच्या दाराशेजारच्या चिंचोळ्या काचेतून, बॅगेवर एक पाय ठेवून पाहावं लागलं. तासाभराने एक सहा फुटी गृहस्थ कुत्रं घेऊन आला, सरळ आत गेला आणि त्या बायकांच्या मध्ये बसून पेपर वाचू लागला. कोणी काही बोललं नाही. "त्याला दंड होणार," उल्हासराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. पाच मिनिटांनी ते दोघेही आत जाऊन बसले.

बुक्सला मात्र उल्हासरावांचा दिवस उगवला. गाडी थांबली आणि जरा वेळाने आल्या दिशेने निघाली. परेश ताडकन उठला. "काका, गाडी वापस जा रही है!"

"बस. कलम एकोणीस," उल्हासराव शांतपणे म्हणाले. गाडीने वळण घेतलं, नदी ओलांडली आणि थोड्या वेळात ऑस्ट्रिया आला. ओवीने त्यांच्याकडे बघून म्हटलं, "वाव काका, यू नो एव्हरीथिंग." उल्हासराव फुलून गेले. माणसाने अशा वेळी जरा जपून राहावं, पण तेवढं भान कुणाला असतं?

बारा वाजून गेले. इन्सब्रुक मागे पडलं. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले होते. गाडी प्रत्येक स्टेशनात दोन-तीन मिनिटं थांबे, तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर उतरून दशमी खाऊन परत चढणं म्हणजे जिवाशी खेळ. शुभ्राने ओवीला दोन वेळा पाणी पाजलं, तेही मान खाली घालून. पलीकडच्या अकरा बायकांनी उकडलेली अंडी, काकड्या आणि मोठा पाव काढला. कुत्र्यालासुद्धा काहीतरी मिळालं.

अपर्णाताईंनी हे सगळं पाहिलं. मग त्यांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं.

"अगं, काय करतेस? तपासनीस आलाय," उल्हासराव कुजबुजले. तो खरंच आला होता, दोन बाकं पलीकडे तिकिटं बघत होता.

"येऊ दे. पोर सकाळपासून उपाशी आहे. दंड मी भरते," त्या म्हणाल्या आणि चटणी लावलेली दशमी ओवीच्या हातात दिली. दुसरी स्वतः खाऊ लागल्या.

उल्हासराव कायदा पाळणारा माणूस. सत्तावीस वर्षं परमुलखात राहिलेला माणूस पळवाट शोधत नाही, आधी पाकीट काढतो. तपासनीस जवळ येताच ते उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, चूक आमची आहे. पेनल्टी किती?"

तपासनिसाने तिकिटं बघितली. सगळी बरोबर होती. "पेनल्टी कशाबद्दल?"

"खाण्याबद्दल."

त्या माणसाने उल्हासरावांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग वाकून चटणीचा वास घेतला. पुढच्या डब्यात उपाहारगृह आहे, तिथलं सूप चांगलं असतं, पण तुमच्याकडे त्याहून बरं काहीतरी दिसतंय, एवढं बोलून तो पुढे गेला. अपर्णाताईंनी त्याला हाक मारून एक दशमी दिली. ती खात खात तो पुढची तिकिटं तपासू लागला.

परेश हे सगळं बघत होता. तो सावकाश म्हणाला, "काका, मग कलम सात?"

आता इथे थाप मारता आली असती. 'नियम हल्ली बदलला असेल' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. उल्हासरावांच्या ओठांवर ते आलंही होतं. पण समोर ओवी दोन्ही हातांनी दशमी धरून अधाशासारखी खात होती, आणि सहा तास आपण या पोरीला उपाशी ठेवलं, हे त्यांना खुपलं.

"ते दुबई मेट्रोचं आहे," ते म्हणाले. "मला वाटलं इथेही तसंच असेल."

"वाटलं म्हणजे? तुम्ही आलात तेव्हा..."

"मी कधी आलोच नव्हतो परेश. ही माझी पहिलीच वेळ."

परेशला हसू येईल असं अपर्णाताईंना वाटलं होतं. तो हसला नाही. "गेल्या वर्षी शुभ्राच्या मम्मी तुमचा कागद घेऊन गेल्या होत्या," तो म्हणाला. "पॅरिस ते मिलान, सात तास. त्यांना डायबिटीस आहे. डबा मांडीवर होता काका, पण तुम्ही लिहिलंय म्हणून त्यांनी उघडला नाही. मिलानला उतरल्या तेव्हा त्यांचे हातपाय थरथरत होते. आम्हाला वाटलं दगदग झाली." मग तो खिडकीकडे तोंड करून बसला. शुभ्राने ओवीचे चटणीने माखलेले हात पुसायला घेतले.

उल्हासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अपर्णाताईंनी त्यांच्या हातात दशमी ठेवली. ती त्यांनी धरून ठेवली. साल्झबर्गच्या जरा अलीकडे भूक इतकी अनावर झाली की लाज बाजूला सारून ते खाऊ लागले. बाहेर हिरवी कुरणं होती, कुरणांत गाई होत्या, लाकडी घरांच्या खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या होत्या. मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात काम करणाऱ्या कारकुनाचा हा मुलगा लहानपणापासून गाड्यांच्या घोषणा ऐकत झोपलेला, पण धावत्या गाडीत खिडकीशी बसून, हातात घास घेऊन, काहीही न ठरवता बाहेर बघण्याची वेळ त्याच्यावर फार वर्षांत आली नव्हती. शरमेत बुडालेले असूनही त्यांना ते आवडलं. फार आवडलं. आणि आवडलं म्हणून आणखीच वाईट वाटलं, कारण एवढं सुख त्यांनी किती लोकांच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

अल कुसैसला परत आले तेव्हा बकरी ईदची सुट्टी चार दिवसांवर होती. मंडळातली अकरा कुटुंबं युरोपला निघणार होती, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो कागद होता.

"सातवं आणि अकरावं काढून टाक आणि नवा कागद गुपचूप ग्रुपवर टाक," अपर्णाताई म्हणाल्या. "कोण विचारतंय?"

"तेच तर. कोणी उघडून बघणार नाही. जुनाच सगळ्यांकडे आहे, त्यांनी तो अजून शंभर जणांना पाठवलाय." उल्हासरावांनी फोन हातात घेतला. "दुरुस्ती कोणी वाचत नाही गं. कबुलीजबाब मात्र सगळे वाचतात."

"मग पुढे तुला कोणी फोन करणार नाही. चालेल?"

चालणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं आणि अपर्णाताईंनाही. जबल अलीच्या नोकरीने त्यांना घर दिलं, मुलाचं शिक्षण दिलं, पण कुणीतरी अनोळखी स्टेशनात घाबरून आपलंच नाव घेतो, हे सुख त्या फोनांनी दिलं होतं. ते गेलं तर निवृत्तीला राहिलेली तीन वर्षं नुसते कंटेनर मोजायचे. तरी त्यांनी लिहिलं. "मंडळी, नमस्कार. मी पंधरा वर्षं तुम्हाला युरोपच्या गाड्या सांगतोय, पण मी स्वतः गेल्या आठवड्यापर्यंत एकदाही गेलो नव्हतो. गाडीत खाऊ नये हे मी दुबई मेट्रोवरून ठोकून दिलं. ते साफ चूक आहे. गाडीत खा, पोटभर खा. बायकांचा डबाही नसतो. जे माझ्यामुळे उपाशी बसले त्यांची मनापासून माफी मागतो." आणि मन बदलायच्या आत पाठवून दिलं.

दोनशे बारा जणांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये परेश भेटला. "बरं केलंत काका," एवढं म्हणाला आणि आपल्या मजल्यावर उतरला.

ईद आली. बंदर काही ईदला बंद राहत नाही. नूरुद्दीन सुट्टीवर गेला, त्याचं टेबलही उल्हासरावांनी सांभाळायला घेतलं. दरवर्षी या सुट्टीत दिवसाला सात-आठ फोन यायचे. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. उल्हासराव मोबाइल उलटा ठेवत, मग न राहवून सुलटा करत. एकदा वाजला, तर बँक होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो खणात टाकला आणि जहाजांच्या तारखा बघत बसले.

दुपारी दीडच्या सुमाराला खण थरथरला. नंबर सूर्यकांत देवस्थळींचा होता. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑडिट कंपनीतले हे गृहस्थ तोंडाने फटकळ म्हणून मंडळात प्रसिद्ध होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, विभावरीताईंनी, याच कागदावर अख्खा युरोप केला होता, म्हणजे उपाशीच. उल्हासरावांनी मनाची तयारी केली. चार शब्द ऐकून घ्यायचे, उलटून बोलायचं नाही.

"उल्हासराव, देवस्थळी बोलतोय. मेसेज वाचला तुमचा."

"हो," उल्हासराव म्हणाले. "मी खरंच..."

"ते राहू द्या. मिलानला उभा आहे. व्हेनिसहून आमची गाडी लेट आली, झुरिकची समोरून गेली. पुढच्या गाडीत सीट नाही म्हणतात. विभावरी बाकावर बसून बटाट्याची भाजी खातेय, ती हलायला तयार नाही. चोवीस प्लॅटफॉर्म आहेत इथे. कुठे जाऊ?"

समोरच्या स्क्रीनवरच्या जहाजांच्या तारखा उल्हासरावांना नीट दिसेनात. "देवस्थळी, एक सांगतो आधी," ते म्हणाले. "मिलान मी पाहिलेलं नाही."

"ठाऊक आहे हो," देवस्थळी वैतागून म्हणाले. "गाडी सांगा."

"लुगानोची साधी गाडी घ्या," उल्हासराव म्हणाले, "तासाला एक असते, रिझर्वेशन लागत नाही. लुगानोहून पुढे झुरिक. आणि वहिनींना म्हणावं सावकाश खा, अजून वीस मिनिटं आहेत."